काचेच्या दारापलीकडची बाग

आधुनिक जपानी हायकूचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो मासाओका शिकी अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य जगला आणि त्यातली अखेरची सहा-सात वर्षे त्याने अंथरुणाला खिळून काढली. डोंगरवाटा तुडवण्याची आणि मैदानावर घाम गाळण्याची आवड असलेल्या या माणसाच्या वाट्याला शेवटी आले ते सहा फुटांचे अंथरूण आणि त्यावरून दिसणारी एक लहानशी बाग. एवढ्याशा जागेतून त्याने जे पाहिले आणि लिहिले, त्याने जपानी कवितेची दिशा बदलली.

शिकीचा जन्म १८६७ साली शिकोकू बेटावरील मात्सुयामा या गावी एका सामुराई घराण्यात झाला. त्याचे खरे नाव त्सुनेनोरी. वडील लहानपणीच वारले. आई याए हिने त्याला आणि धाकट्या रित्सूला वाढवले, तर आईच्या वडिलांनी नातवाला चिनी अभिजात ग्रंथांचे धडे दिले. १८८३ मध्ये तो शिक्षणासाठी टोकियोला गेला. तेथे त्याला दोन गोष्टींचे वेड लागले, साहित्याचे आणि बेसबॉलचे. अमेरिकेतून आलेला हा खेळ जपानमध्ये तेव्हा नवाच होता. शिकी यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा सांभाळी. या खेळातील संज्ञांना त्याने जपानी प्रतिशब्द दिले आणि त्यांतील काही आजही रूढ आहेत. मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, २००२ साली, जपानच्या बेसबॉल क्षेत्रातील मानकऱ्यांच्या दालनात या कवीची नोंद झाली, ती त्यामुळेच.

१८८९ च्या मे महिन्यात त्याच्या खोकल्यातून रक्त पडले. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. कोकिळेच्या कुळातील होतोतोगिसू हा पक्षी रक्त ओकेपर्यंत गात राहतो, अशी जपानी लोकसमजूत आहे. एकवीस वर्षांच्या या तरुणाने त्या पक्ष्याचेच एक नाव स्वतःला घेतले. शिकी हे ते नाव. आपल्या आजाराला त्याने असे थेट टोपणनावातच जागा दिली.

आजार आहे म्हणून घरात बसणे मात्र त्याच्या स्वभावात नव्हते. १८९२ मध्ये विद्यापीठाचा नाद सोडून तो ‘निप्पॉन’ या दैनिकात रुजू झाला. १८९३ च्या उन्हाळ्यात, दोन शतकांपूर्वी महाकवी बाशो ज्या वाटांनी भटकला होता, त्या ईशान्य जपानमधील वाटांनी तोही फिरून आला. चित्रकार नाकामुरा फुसेत्सू याच्या सहवासात त्याला पाश्चात्त्य चित्रकलेतील प्रत्यक्ष पाहून रेखाटण्याची पद्धत समजली. कवितेतही हेच हवे, असे त्याला वाटू लागले. ठरीव प्रतिमा आणि शब्दांच्या कोट्या यांत अडकलेल्या हायकूला त्याने मोकळ्या हवेत आणले. वही घेऊन बाहेर पडावे, शेताच्या बांधावरून चालावे, दिसेल ते तसेच टिपावे, असा त्याचा नवा पाठ होता. त्यासाठी बाहेर पडता येणे आवश्यक होते आणि नेमके तेच पुढे अशक्य होणार होते.

१८९५ च्या एप्रिलमध्ये, चीन-जपान युद्धाच्या अखेरीस, मित्रांचा विरोध असूनही तो वार्ताहर म्हणून चीनमध्ये गेला. पोहोचेपर्यंत लढाई जवळपास संपलेली होती. मे महिन्यात परतताना जहाजावरच त्याला रक्ताच्या गुळण्या सुरू झाल्या आणि बंदरात उतरताच कोबे येथील रुग्णालयात हलवावे लागले. तेथील पहिले काही दिवस जगण्या-मरण्याचे होते. आई टोकियोहून धावत आली. ताकाहामा क्योशी आणि कावाहिगाशी हेकिगोतो हे दोन तरुण शिष्य उशाशी राहिले. अन्न जाईना, तेव्हा हे दोघे आळीपाळीने सकाळी लवकर उठून जवळच्या मळ्यात जात आणि ताज्या स्ट्रॉबेरी खुडून आणत. खोलीबाहेर पाऊलही टाकू न शकणारा शिकी त्या फळांची वाट पाहत असे. पुढे अनेक वर्षांनी फळांवर लेख लिहिताना त्याला त्या सकाळी आठवल्या. बाहेरचे जग त्याच्याकडे असे मूठभर फळांच्या रूपाने येऊ लागले होते.

जुलैमध्ये त्याला सुमाच्या समुद्रकिनारी आरोग्यधामात नेण्यात आले. तेथून तो मात्सुयामाला गेला आणि पुढे थोर कादंबरीकार म्हणून कीर्ती मिळवणाऱ्या नात्सुमे सोसेकी या मित्राच्या बिऱ्हाडी सुमारे पन्नास दिवस राहिला. शरद ऋतूत टोकियोला परतताना वाटेत नारा येथील जुनी मंदिरे त्याने पाहिली. पायाखालची वाट अनुभवण्याचा हा त्याचा शेवटचा मोठा प्रवास ठरला.

कमरेचे दुखणे संधिवाताचे असावे, अशी त्याची समजूत होती. १८९६ मध्ये डॉक्टरांनी निदान केले, ते मणक्याच्या क्षयाचे. वय अठ्ठावीस वर्षे. त्यानंतर टोकियोच्या नेगिशी भागातील लहानसे घर हेच त्याचे रुग्णालय झाले. पाठीला छिद्रे पडून पू वाहू लागला. जखमांच्या पट्ट्या रोज बदलाव्या लागत आणि ते काम रित्सू करी. डावा पाय सरळ होईना, तेव्हा तो दुमडलेला गुडघा मावावा म्हणून लिहिण्याच्या मेजाला खाच पाडून घेण्यात आली.

घरापुढे सुमारे वीस त्सुबो, म्हणजे साधारण सातशे चौरस फुटांची बाग होती. कोंबड्याचे लाल तुरे, गवताची पाती, गुलाब, मॉर्निंग ग्लोरीच्या वेली असा तिचा साधा संसार. लेखक आणि लष्करी डॉक्टर मोरी ओगाई याने पाठवलेले फुलांचे बीही तिथे रुजले. १८९८ मध्ये शिकीने या बागेवर एक लेखच लिहिला. पण तिच्यातही एक अडचण होती. जपानी घरांची सरकती दारे कागदाची असतात. थंडीत ती लावून घेतली की अंथरुणावरच्या माणसाला अंगणही परके होते. हिमवर्षाव होत असताना बर्फ किती साचले, हे त्याला पुनःपुन्हा घरच्यांना विचारावे लागे. घरात बर्फाची चाहूल होती, पण डोळ्यांना ते दिसत नव्हते.

१८९९ च्या डिसेंबरमध्ये क्योशीने दक्षिणेकडच्या दाराला काचा बसवून दिल्या. काच तेव्हा सामान्य घरात सहसा नसे. आता निजल्या जागेवरून झाडे दिसू लागली, पाखरे दिसू लागली, हिवाळ्यातले ऊन खोलीत उतरू लागले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी जातात, असे निरीक्षण अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली मांडले. शिकीच्या आजाराला अर्थातच असा उतारा नव्हता. त्या काचेने त्याचे आयुष्य वाढवले की नाही, कोणी सांगू शकणार नाही. मात्र त्याचे दिवस तिने नक्कीच वाढवले, कारण आता प्रत्येक दिवसात पाहण्याजोगे काही होते.

त्याची नजर या काळात विलक्षण धारदार झाली. कुंडीतले फूल, तारेच्या मोठ्या पिंजऱ्यातले पक्षी, ताटातले फळ, काहीच त्याला क्षुल्लक राहिले नाही. कोंबड्याच्या तुऱ्यांवरची १९०० सालची त्याची एक रचना इतकी साधी आहे, की ती कविता आहे की नुसती मोजदाद, यावर जपानी समीक्षक पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. क्योशीने तर १९०९ साली शिकीच्या हायकूंचा संग्रह सिद्ध करताना ती वगळली. इतरांनी तीच त्याची श्रेष्ठ रचना मानली.

दुखण्याचे उदात्तीकरण शिकीने कधी केले नाही. वेदना असह्य झाली की तो ओरडे, रडे, रित्सूवर चिडे. तिच्याविषयी त्याने खासगी रोजनिशीत अतिशय कठोर शब्द लिहिले आणि ती नसेल तर आपण एक दिवसही जगू शकणार नाही, हेही तिथेच मान्य केले. १९०१ च्या ऑक्टोबरमध्ये, आई बाहेर गेली असताना, जीवन संपवण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. त्या घटकेशी झालेली झुंजही त्याने रोजनिशीत लपवली नाही.

आणि तरीही तो लिहीत राहिला. १९०१ च्या जानेवारीत ‘निप्पॉन’मध्ये त्याचे रोजचे सदर सुरू झाले, तेव्हा नववर्षाची भेट म्हणून आलेला, मुठीत मावेल एवढा पृथ्वीचा गोल उशाशी होता. मित्र सोसेकी त्या वेळी लंडनमध्ये होता. त्याच्या पत्रांतून शिकी ते शहर फिरून येई. १९०२ च्या मे महिन्यात त्याने नवे सदर सुरू केले, ‘ब्योशो रोकुशाकू’, म्हणजेच सहा फुटांचे आजारपणाचे अंथरूण. त्याला विश्रांती मिळावी म्हणून संपादकीय विभागाने एक दिवस मजकूर छापला नाही. सकाळी अंक उघडल्यावर आपले सदर दिसले नाही, तेव्हा त्याला रडू आवरेना. हे लेखनच आपले जीवन आहे, असे त्याने कळवले आणि सदर पुन्हा सुरू झाले. त्याच उन्हाळ्यात मॉर्फिन घेऊन वेदना जरा शमली, की तो रंग मागवून घेई आणि फळांची, फुलांची चित्रे काढी. बागेत जाता येत नव्हते, म्हणून एकेक फांदी त्याच्याकडे येत होती.

बागेत घोसाळ्याचा एक वेल चढवलेला होता. घोसाळ्याच्या वेलाचा रस कफावर गुणकारी समजला जाई आणि ठरावीक पौर्णिमेच्या रात्री तो काढण्याची प्रथा होती. त्या वर्षी तो काढायचा राहून गेला. १८ सप्टेंबर १९०२ रोजी सकाळी शिकीने खुणेने लेखनसाहित्य मागितले. रित्सूने फळी धरली, हेकिगोतोने कुंचला शाईत बुडवून हाती दिला. मधूनमधून खोकत, थांबत त्याने तीन हायकू लिहिले. तिन्हींचा विषय होता घोसाळे. त्यानंतर कुंचला हातातून गळाला. मध्यरात्र उलटून गेल्यावर, आई आणि बहीण घरात असतानाच, त्याचे प्राण गेले. ‘निप्पॉन’मधील सदराचा १२७ वा आणि अखेरचा भाग दोनच दिवसांपूर्वी प्रसिद्ध झाला होता. सोसेकी लंडनहून परतला, तो मित्राच्या मृत्यूनंतर.

शिकीने उभारलेल्या पायावर जपानी हायकू विसाव्या शतकात जगभर गेला. मराठीत तो शिरीष पै यांच्या लेखणीने रुजला. नेगिशीतील घर १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले. ते १९५० मध्ये मूळ स्वरूपात पुन्हा बांधण्यात आले. त्याच्या अंगणात आजही घोसाळ्याचा वेल चढवला जातो आणि १९ सप्टेंबरचा शिकीचा स्मृतिदिन जपानी लोक घोसाळ्याच्याच नावाने ओळखतात.