व्हायव्हात नापास झालेला अध्यक्ष

१ जुलैला आपल्याकडे डॉक्टर्स डे असतो हे बहुतेकांना माहीत असेल. पण तो कोणाच्या नावाने, असं विचारलं तर अर्धं हॉस्टेल गप्प बसेल! तो दिवस डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा. जन्म १ जुलै १८८२, पाटणा. मृत्यू १ जुलै १९६२, कलकत्ता. म्हणजे ऐंशीव्या वाढदिवशीच ते गेले. माझ्या कॉन्व्हेंटच्या इतिहासाच्या पुस्तकात ते एका ओळीत होते, बंगालचे मुख्यमंत्री म्हणून. त्यांची खरी गोष्ट मला त्याहून पुष्कळ मोठी वाटते, आणि ती आपल्या कामाचीही आहे.

पहिली गंमत म्हणजे हे गृहस्थ थोडक्यात आपल्या लाइनला यायचे राहिले. बी.ए. झाल्यावर त्यांनी बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज आणि कलकत्ता मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे अर्ज केले आणि दोन्हीकडे निवड झाली. १९०१ साली ते मेडिकलला गेले. घरची परिस्थिती बेताचीच. आई ते चौदा वर्षांचे असतानाच गेलेली. त्यामुळे रुग्णांची शुश्रूषा करून ते खर्च भागवत.

शेवटच्या वर्षी एक प्रकार घडला. प्रसूतिशास्त्राचे इंग्रज प्राध्यापक कर्नल पेक यांच्या घोडागाडीची ट्रामशी टक्कर झाली आणि बिधानने ती पाहिली. ट्राम जोरात होती अशी साक्ष द्यावी, अशी सरांची अपेक्षा. पण चूक गाडीवानाची होती, आणि बिधानने तसंच सांगितलं. पुढे व्हायव्हाला समोर तेच सर! निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. एम.बी. हुकली. मग एल.एम.एस.ची परीक्षा देऊन ते डॉक्टर झाले आणि १९०८ पर्यंत एम.डी.ही झाले.

एक्स्टर्नलच्या नावाने रात्र रात्र जागणाऱ्या आपल्याला हे लगेच कळेल. पण मला इथे प्रश्न पडतो तो वेगळाच. एका माणसाच्या हातात दुसऱ्याचं लायसन्स असतं, तेव्हा त्या माणसावर लक्ष कोण ठेवतं?

१९०९ साली रॉय लंडनला गेले. सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलच्या डीनने त्यांचा अर्ज पुन्हा पुन्हा परत केला. तीसएक वेळा, असं चरित्रकार लिहितात. अखेर प्रवेश मिळाला आणि सव्वादोन वर्षांत ते एम.आर.सी.पी. आणि एफ.आर.सी.एस. दोन्ही होऊन १९११ साली परत आले.

पण एकट्याने दार उघडून भागत नाही. तेव्हा भारतीय पदवीला ब्रिटिश साम्राज्यात मान द्यायचा की नाही, हे लंडनची जनरल मेडिकल कौन्सिल ठरवायची. ही कौन्सिल १८५८ च्या कायद्याने स्थापन झालेली. इथल्या कॉलेजांत प्रसूतिशास्त्राचं शिक्षण पुरेसं नाही असा तिचा आक्षेप होता. वाद वाढत गेला आणि १९३० साली तिने भारतीय पदव्यांची मान्यताच काढून घेतली. म्हणजे परीक्षा इथल्या, रुग्ण इथले आणि शिक्का सातासमुद्रापलीकडचा!

यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा झाला. कौन्सिलवर माणसं कशी येणार, ते त्यात ठरलेलं होतं. काही सरकारने नेमलेली, काही विद्यापीठांनी निवडलेली आणि काही त्या त्या प्रांतातल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडलेली. पहिली चार वर्षं अध्यक्ष गव्हर्नर जनरल नेमणार आणि त्यानंतर सदस्य स्वतः निवडणार, अशी त्यात तरतूद होती. ती मुदत संपल्यावर १९३९ साली सदस्यांनी निवडलेले अध्यक्ष झाले डॉ. रॉय. एका परीक्षकाच्या रागापायी एम.बी. हुकलेला मुलगा देशातल्या वैद्यकीय पदव्यांचा दर्जा पाहणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसला! १९४५ पर्यंत ते तिथे होते. त्याच काळात, १९४३ साली, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा उपवास चालू असताना त्यांच्याकडे लक्ष देणाऱ्या डॉक्टरांतही ते होते.

१९४८ पासून शेवटपर्यंत ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. पहिली आय.आय.टी. १९५१ साली खरगपूरला आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. १९६१ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं, पण ते पूर्ण खरं झालं नसतं. निवडणुकीने अध्यक्ष येऊ लागला म्हणून कौन्सिल कायमची स्वच्छ राहिली नाही. भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर २०१० साली सरकारने मेडिकल कौन्सिल बरखास्त केली. २०१९ च्या कायद्याने तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आणलं, ते २०२० पासून काम करू लागलं. यात अध्यक्ष पुन्हा सरकार नेमतं. मात्र मुदत चार वर्षांची, फेरनेमणूक नाही, आणि येताना-जाताना मालमत्ता जाहीर करावी लागते. डॉक्टरांची निवडणूक हवी की सरकारी नेमणूक, हे भांडण काही मिटलेलं नाही.

मला वाटतं, खुर्चीवर माणूस कोणी बसवला यापेक्षा तो किती दिवस बसेल, त्याला हिशेब कोण विचारेल आणि त्याने अन्याय केला तर दाद कुठे मागायची, हे जास्त महत्त्वाचं. पेकसाहेबांना विचारणारं कोणी नव्हतं, लंडनच्या कौन्सिलला विचारणारं भारतात कोणी नव्हतं, आणि नंतर आपल्याच कौन्सिलला कोणी वेळेवर विचारलं नाही. तिन्ही वेळा दुखणं एकच.

इंजिनिअरांसाठीही अशी कौन्सिल असावी का, याची चर्चा कित्येक वर्षं चालत आली आहे. पूल पडतो, स्लॅब कोसळतो तेव्हा ती पुन्हा वर येते. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी त्या टेबलाच्या पलीकडे बसेल आणि समोर घाबरलेला एक पोरगा असेल. त्या पोराने खरं बोलून आपल्याला अडचणीत आणलेलं असलं, तरीही त्याचे मार्क त्याला मिळाले पाहिजेत. आणि नियम असे हवेत की आपली इच्छा नसली तरी ते त्याला मिळतील!