डाल, वेड आणि टिल यांचा व्हॉल्व्ह

'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' हा पिक्चर हॉस्टेलवर बहुतेकांनी बघितला असेलच. मूळ पुस्तक १९६४ चं, लेखक रोआल्ड डाल (मेसच्या डाळीशी काही संबंध नाही!). मी पडलो मेकॅनिकलवाला, त्यामुळे मला त्याच्या गोष्टींपेक्षा त्याच्या व्हॉल्व्हचंच जास्त कौतुक आहे.

डालचा जन्म १९१६ चा, वेल्समधला, आईवडील नॉर्वेचे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात पायलट होता. १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात त्याचं विमान कोसळलं, कवटीला फ्रॅक्चर झालं, पण गडी वाचला. पुढे लेखक झाला, १९५३ मध्ये अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिच्याशी लग्न केलं. स्वभावाने हट्टी, आणि ज्यू लोकांबद्दल तो जे बोलला त्याचं समर्थन कोणीच करू नये. पण तो विषय वेगळा.

५ डिसेंबर १९६०. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडताना त्याच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या, बाबागाडीला टॅक्सीने उडवलं. डोक्याला जबर मार बसला आणि मेंदूत पाणी साठू लागलं. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात. आपल्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि रक्तात मिसळून जातं. वाट अडली की आतला दाब वाढतो. उपाय म्हणजे शंट : डोक्यातून निघून थेट हृदयाकडे जाणारी बारीक नळी आणि मध्ये एक वन-वे व्हॉल्व्ह. थिओला बसवलेला व्हॉल्व्ह चिरांचा होता. त्या चिरांत रक्ताचा गाळ अडके, व्हॉल्व्ह तुंबे, पोराला दिसेनासं होई आणि पुन्हा ऑपरेशन. हे एकदा नाही, अनेकदा झालं.

आता बघा, कवटी म्हणजे बंद डबा. आतला दाब मोजायचा तर गेज कुठे लावणार? तान्ह्या बाळाची टाळू फुगली तर हाताला कळतं, ती भरून आली की तेही गेलं. मग उरतात उलट्या, गुंगी, नजर. म्हणजे गेजचं काम आईबापांनीच करायचं, रात्रंदिवस पोराच्या डोळ्यांकडे बघत. आज पापणीवर अल्ट्रासाउंड ठेवून डोळ्यामागच्या नसेचं आवरण किती फुगलंय ते मोजता येतं, पण भोक न पाडता अचूक आकडा देणारं, सगळ्यांनी मान्य केलेलं यंत्र अजूनही नाही. १९६० साली तर यातलं काहीच नव्हतं.

डाल रडत बसला नाही. इंग्लंडला परतल्यावर त्याने स्टॅन्ली वेड नावाच्या हायड्रॉलिक्सच्या इंजिनिअरला गाठलं. वेडचा छंद म्हणजे खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी न तुंबणारे इवलेसे पंप बनवणे! लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलचे न्यूरोसर्जन केनेथ टिल तिसरे. डॉक्टरने अडचण सांगायची, इंजिनिअरने घडवायचं, आणि लेखकाने दोघांच्या मागे लागायचं.

त्यांनी चिरा काढूनच टाकल्या. सिलिकॉनच्या आखूड नळीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं घर, आणि त्यात धातूची एकेक सुटी चकती. डोक्याकडून दाब आला की चकती सरकून वाट मोकळी, उलटा दाब आला की चकती बसून वाट बंद. लॅबमधला आपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच की! रोध कमी, निर्जंतुक करायला सोपा, गाळ अडकायला जागा नाही. १९६४ मध्ये टिल यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची माहिती छापली. तिघांनीही त्यातून नफा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे किंमतही कमी राहिली.

दरम्यान नोव्हेंबर १९६२ मध्ये थिओची सात वर्षांची बहीण ऑलिव्हिया गोवर मेंदूत जाऊन वारली. त्या काळात डाल पार खचला होता. तरीही व्हॉल्व्ह पुरा झाला.

आणि तो तयार होईतो थिओ इतका सुधारला होता की त्याला हा व्हॉल्व्ह बसवावाच लागला नाही. पुढे तो हजारो दुसऱ्या मुलांना बसला. डाल १९९० मध्ये गेला, तेव्हा थिओ तीस वर्षांचा होता.