लक्ष्मीबाई टिळक : एका संसाराची कहाणी

थोर माणसांची चरित्रे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा रणांगणे, सभामंडप किंवा तुरुंगाच्या भिंती उभ्या राहतात. चूल, पाण्याची घागर, रिकामा झालेला धान्याचा डबा आणि आजारी लेकराची उशी यांच्यामध्ये कोणाचे मोठेपण घडू शकते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. लक्ष्मीबाई टिळक यांचे मोठेपण अगदी अशाच ठिकाणी घडले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने मराठी भाषेला तिचे एक अत्यंत प्रामाणिक व तितकेच हसरे आत्मचरित्र दिले. आजही 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक उघडले की दोन पाने वाचून होण्याच्या आत हसू येते, आणि आणखी दोन पानांनी डोळे भरून येतात.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर या गावी झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या जन्मापूर्वीच घरावर एक मोठा आघात होऊन गेला होता. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आले. त्या धक्क्यानंतर मनकर्णिकेच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा काही ध्यास घेतला की, बाजारातून आणलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन काढल्याखेरीज घरात घेतली जात नसे. या शुद्धतेच्या पायी घरातील बायकांचे व मुलांचे किती हाल झाले असतील, याची कल्पना केलेली बरी! पुढे या दिवसांविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंनी वडिलांवर कोरडे ओढले नाहीत, की त्यांचे खोटे गुणगानही केले नाही. जे घडले ते त्यांनी हसत हसत सांगितले. आणि त्या हसण्यातूनच वाचकाला त्या घरातील दुःख कळते.

अकराव्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न झाले आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. नवरदेवाचे नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक हे वेगळे, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात ठेवावे. नारायणरावांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, अंतःकरण लोण्यासारखे मऊ. परंतु स्वभाव मात्र वाऱ्यासारखा. आज येथे तर उद्या तेथे! घरात कोणास न सांगता ते निघून जात आणि कित्येक दिवसांनी अवचित परत येत. रागावले म्हणजे आगीसारखे भडकत आणि घटकाभरात विरघळून जात. हाती पैसा आला की तो उद्यापर्यंत टिकेल, याचा भरवसा नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की टिळकांचा खिसा त्याचा होई. अशा पतीबरोबर संसार करणे म्हणजे वाहत्या पाण्यावर रांगोळी काढण्यासारखे होते.

लक्ष्मीबाईंनी हा संसार कसा केला? त्या रडल्या, रुसल्या, भांडल्यासुद्धा. पण त्यांनी हसणे सोडले नाही. पतीच्या उदारपणाचे त्यांना कौतुक होते आणि त्या उदारपणामुळे रिकाम्या झालेल्या डब्यांची त्यांना काळजीही होती. या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखणीतून एकाच दमात उतरतात. टिळकांनी त्यांना अक्षरे शिकवण्याचा उद्योग आरंभिला. गुरुजी उतावळे आणि शिष्येला घरची शंभर कामे, त्यामुळे हे शिक्षण रखडत रखडतच चालले. तरीही वाचता येण्याजोगे ज्ञान त्यांनी पदरात पाडून घेतले. मध्यंतरी काही अपत्ये झाली आणि बालपणीच गेली. १८९१ साली जन्मलेला दत्तू, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले देवदत्त नारायण टिळक, हा एकच मुलगा जगला.

उदरनिर्वाहासाठी टिळक नागपुरास आले. तेथून ते राजनांदगावास गेले. त्या काळी नागपूर आणि आपला निमाड जिल्हा एकाच मध्य प्रांतात मोडत असत. तेव्हा ही कहाणी निंबोल्यापासून फार दूरच्या मुलुखात घडली, असे समजण्याचे कारण नाही. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत टिळकांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे धर्मावर आले. त्या गृहस्थाने टिळकांना बायबलाच्या नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक मूळचेच जिज्ञासू. जातिभेदाने गांजलेल्या आपल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा विचार त्यांच्या मनात कितीतरी दिवस घोळत होता. त्यांनी ते पुस्तक बारकाईने वाचले, मनाशी झगडा केला आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी आली तेव्हा त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. त्या काळी धर्मांतर केलेला माणूस आपल्या माणसांना मेल्यासारखाच होई. पती जिवंत असून घर तुटले, कपाळी कुंकू असून संसार उधळला, अशी त्यांची विलक्षण स्थिती झाली. चार वर्षांच्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरास होते. लोकांची बोलणी, आप्तांची कीव, मुलाची चिंता आणि पतीची ओढ या चौकटीत त्यांनी चार-पाच वर्षे काढली. पण पती-पत्नींमधील धागा तुटला नव्हता. पत्रे येत-जात होती. दुःख कोणाजवळ बोलून दाखवावे हे कळेना, तेव्हा लक्ष्मीबाई कविता करू लागल्या.

शेवटी त्यांनी निश्चय केला. आपला धर्म आपल्यापाशी ठेवून त्या पतीकडे अहमदनगरास गेल्या. येथून पुढचा भाग या चरित्रातील सर्वांत मनोवेधक आहे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळे पाळणारी ब्राह्मणी! तिची चूल निराळी, तिचे पाणी निराळे. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही, आणि तिनेही पतीला दोष देत बसण्यात दिवस घालवले नाहीत. एकाच संसाराची ही दोन टोके कशी जुळणार, हे पाहणाऱ्यांस कोडेच होते.

ते कोडे वादविवादाने सुटले नाही. ते सुटले लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. देवाने माणसे निर्माण केली हे खरे. परंतु जाती त्यानेच निर्माण केल्या काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या मनाला विचारला. जाती माणसांनीच केल्या, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते उत्तर नुसते मनात ठेवले नाही. ज्याच्या हातचे पाणी कालपर्यंत वर्ज्य होते, त्याच्या हातचे पाणी पिण्यास त्यांनी प्रारंभ केला. वडिलांच्या घरी बाजारातील वस्तू धुऊन घेताना पाहिलेल्या मुलीने ही पायरी ओलांडावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे. जन्मभराची सवय सोडताना जीव किती घाबरतो, पोटात कसे ढवळते, हेही त्यांनी लपवले नाही. १९०० साली राहुरी येथे त्यांनी आपल्या इच्छेने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कोणाचा धर्म कोणता असावा, हा ज्याच्या-त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. आपण येथे पाहावयाचे ते एवढेच की, या बाईने पतीच्या मागून डोळे मिटून पाऊल टाकले नाही. तिने आपली वाट आपण शोधली, आणि त्यासाठी लागला तेवढा वेळ घेतला.

धर्म बदलला म्हणून संसारातील अडचणी बदलल्या, असे मात्र झाले नाही. पगार थोडा, पाहुणे फार, हे गणित पूर्वीसारखेच राहिले. टिळक कोणाही अनाथाला, विद्यार्थ्याला वा वाटसरूला घरी घेऊन येत आणि त्याच्या पानात काय वाढावे हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे पडे. कुरकुर करीत का होईना, त्या पान वाढीत; आणि एकदा वाढले की पोटच्या पोराप्रमाणे माया करीत. ताराला त्यांनी मुलगी म्हणून वाढवले. आपल्या शेजारच्या खानदेशातील धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच निसर्गकवी बालकवी, हे नगरास टिळकांच्या घरी राहिले होते. त्या हळव्या मुलाला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. १९१८ साली जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा या घरातील एक मूलच गेल्यासारखे झाले. नगरास प्लेगची साथ आली त्या वेळी जवळची माणसेसुद्धा रोग्यापासून दूर पळत असत. लक्ष्मीबाईंनी तेव्हा रोग्यांची शुश्रूषा केली. सोवळ्यात वाढलेले ते हात आता कोणाची जात न पाहता राबत होते.

या सर्व धावपळीत त्यांची कविताही चालू होती. त्यांच्या एका कवितेचे नाव 'करंज्यांतला मोदक' असे आहे. नावच किती घरगुती! आपल्या आई-आजी करंज्या तळताना त्यांत एखादा मोदक करतात, हे आपण पाहिलेच असेल. अशा साध्या गोष्टीतही त्यांना काव्य दिसे.

९ मे १९१९ रोजी मुंबईस रेव्हरंड टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंनी त्या वेळी पन्नाशी ओलांडली होती. चाळीस वर्षांचा तो वादळी संसार एकाएकी शांत झाला. त्यानंतर काही काळ त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात काम केले. पुढे मुलाबरोबर त्या कराचीस राहिल्या आणि मग नाशिकास परतल्या. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. परंतु सुमारे अकरा अध्याय होतात न होतात तोच मृत्यूने त्यांना गाठले. ते अपुरे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि तब्बल चौसष्ट अध्यायांची त्यात भर घातली! ज्या शिष्येचे शिक्षण रखडत चालले होते, तिनेच गुरूचे काव्य पुढे नेले. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र 'स्मृतिचित्रे' हाच होय. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्तांना आठवणी हव्या होत्या. त्या निमित्ताने लक्ष्मीबाई लिहू लागल्या आणि पतीच्या आठवणी लिहिता लिहिता त्यांचे स्वतःचेच जीवन कागदावर उतरले. १९३४ ते १९३७ या काळात हे पुस्तक चार भागांत निघाले. त्यात पांडित्याचा आव नाही, अलंकारांचा सोस नाही. ओसरीवर बसून एखादी आजी नातवंडांना गोष्ट सांगत आहे, असेच वाटते. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी नव्याने केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. चौथ्या भागाचे काम चालू असतानाच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी इहलोकीची यात्रा संपवली.

चरित्र लिहिताना थोरांचे दोष झाकून ठेवावे, अशी पुष्कळांची समजूत असते. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. पतीचा संताप त्यांनी झाकला नाही, स्वतःचा भाबडेपणा झाकला नाही, घरातील दारिद्र्यही झाकले नाही. असे असूनही पुस्तक मिटताना रेव्हरंड टिळकांविषयी आपल्या मनात आदरच उरतो. याचे कारण उघड आहे. ज्याच्यावर खरे प्रेम असते, त्याच्याविषयी खरे बोलण्यास मन कचरत नाही. आणि त्या खरेपणाला कडवटपणा येऊ नये म्हणून लक्ष्मीबाईंपाशी विनोद होता. त्यांचा विनोद दुसऱ्याला टोचणारा नव्हता. त्या प्रथम स्वतःला हसत आणि मगच जगाला.

आपल्याही घरात वडील रागावतात, आई थकते, महिनाअखेरीस पैशांची ओढाताण होते, भावंडांची भांडणे होतात. या गोष्टींत सांगण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटते. लक्ष्मीबाईंनी दाखवून दिले की, डोळे उघडे असतील, मन स्वच्छ असेल आणि ओठांवर हसू असेल, तर याच गोष्टींचे वाङ्मय होते. आपल्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' दिसले, तर ते अवश्य घरी न्यावे आणि रात्री जेवणे झाल्यावर सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे. आजीला त्यात आपले दिवस भेटतील आणि मुलांना आजी नव्याने भेटेल.