शब्दाला जागणारा हकीम

यूनानी दवाखान्याची पाटी आपल्याकडच्या बहुतेक शहरांत दिसते. यूनान म्हणजे ग्रीस. ग्रीकांचे वैद्यक आधी अरबीत आले, मग फारसीत उतरले आणि पुढे हिंदुस्थानात पोहोचून इथलेच झाले. बुकरात आणि जालिनूस ही हकिमांच्या तोंडी असलेली नावे मुळात हिपोक्रेटिस आणि गेलन या ग्रीक वैद्यांची. ही विद्या अरबीत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत सर्वांत मोठे नाव हुनैन इब्न इसहाक यांचे. ते ग्रीक नव्हते आणि मुसलमानही नव्हते. ते अरब ख्रिस्ती होते.

हुनैन यांचा जन्म इ.स. 809च्या सुमारास इराकमधल्या हीरा या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. घराणे पूर्वेकडील प्राचीन चर्चचे, ज्याला पुढे नेस्टोरियन म्हटले गेले. वैद्यक शिकायला हा मुलगा बगदादला गेला आणि युहन्ना इब्न मासवैह या नामांकित ख्रिस्ती वैद्यांच्या वर्गात बसू लागला. चरित्रकार सांगतात की, त्याचे प्रश्न काही संपत नसत. एक दिवस गुरुजी चिडले. हीराच्या लोकांनी बाजारात नाणी बदलत बसावे, वैद्यक हे त्यांचे काम नव्हे, असे सुनावून त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढले. मुलगा रडत निघून गेला.

तो परतला तेव्हा ग्रीक भाषा त्याच्या जिभेवर होती. सुरयानी ही त्याच्या चर्चची भाषा होतीच. अरबी त्याने मेहनतीने घासूनपुसून घेतली. त्याने केलेला अनुवाद पाहून तेच गुरुजी थक्क झाले आणि त्यांनी आपणहून समेट केला. पुढे त्यांच्यासाठीही हुनैन यांनी गेलनचे ग्रंथ उतरवून दिले.

तो काळ अब्बासी खलिफांचा. बगदादमध्ये विद्येला मान होता आणि दामही होता. बनू मूसा या नावाने ओळखले जाणारे तीन मुसलमान भाऊ स्वतः गणितज्ञ होते. अनुवादकांवर ते महिन्याला सुमारे 500 दिनार खर्च करीत, असे जुन्या ग्रंथांत नोंदले आहे. हुनैन ख्रिस्ती वैद्यांसाठी सुरयानीत आणि मुसलमान आश्रयदात्यांसाठी अरबीत अनुवाद करीत. मुलगा इसहाक आणि भाचा हुबैश त्यांच्या हाताखाली तयार झाले. इसहाक यांनी केलेला युक्लिडच्या भूमितीचा अरबी अनुवाद साबित इब्न कुर्रा यांनी तपासून सुधारला. साबित हे हर्रानचे, साबी पंथाचे. ग्रंथ ग्रीकांचे, पैसा मुसलमानांचा, लेखणी ख्रिस्ती आणि तपासणारा साबी, असा हा कारभार होता.

हुनैन यांचे मोठेपण मात्र अनुवादांच्या संख्येपेक्षा त्यांच्या पद्धतीत आहे. गेलनचे एक पुस्तक त्यांनी विशीत अनुवादित केले होते. हाताशी असलेली ग्रीक प्रत सदोष होती. चाळिशीच्या आसपास हुबैश यांनी ते दुरुस्त करून मागितले. तोवर हुनैन यांच्याकडे त्याच पुस्तकाच्या अनेक ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्या सगळ्या समोर ठेवून, ओळ ओळ ताडून त्यांनी आधी शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मगच अनुवादाला हात घातला. गेलनच्याच ‘बुरहान’ म्हणजे सिद्धतेवरील ग्रंथासाठी ते इराक, शाम, पॅलेस्टाइन करीत थेट इजिप्तमधील अलेक्झांड्रियापर्यंत फिरले. हाती लागला तो अर्धाच ग्रंथ, तोही दमास्कसमध्ये.

शब्दाला शब्द ठेवून केलेला अनुवाद वाचकाला कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ते पूर्ण वाक्याचा अर्थ मनात घेत आणि मग तो अरबीच्या वळणाने लिहीत. जिथे अरबीत शब्दच नव्हता, तिथे तो घडवत. डोळ्याच्या रोगांवर त्यांनी दहा प्रकरणे लिहिली. डोळ्याच्या आतल्या पडद्याला ग्रीकांनी जाळ्याची उपमा दिली होती. अरबीत जाळे म्हणजे शबका, म्हणून त्या पडद्याचे नाव शबकिया झाले. बाराव्या शतकात अरबी वैद्यक लॅटिनमध्ये गेले, तेव्हा तिकडच्या अनुवादकांनीही आपल्या भाषेतले जाळेच घेतले. आज नेत्रतज्ज्ञ ज्याला रेटिना म्हणतात, ते नाव या वाटेने आले आहे.

खलिफा मुतवक्किल (847–861) यांच्या दरबारी हुनैन यांची कीर्ती पोहोचली, तशी शंकाही पोहोचली. ग्रीक जाणणारा हा माणूस रोमच्या बादशहाचा हेर तर नसेल? चरित्रग्रंथांत आलेली कथा अशी की, खलिफांनी आधी बक्षिसे दिली आणि मग एका शत्रूला मारण्यासाठी विष मागितले. आपण फक्त गुणकारी औषधे शिकलो, विष नाही, असे हुनैन यांनी सांगितले. त्यांना वर्षभर कैदेत टाकले गेले. तिथेही त्यांचे लिहिणे चालू राहिले. वर्षाने त्यांना पुन्हा उभे केले गेले. एका बाजूला धनाची रास, दुसऱ्या बाजूला तलवार. उत्तर बदलले नाही. धर्म शत्रूचेही भले करायला सांगतो आणि वैद्यकाची शपथ कोणालाही मारक औषध देऊ देत नाही, एवढीच कारणे त्यांनी दिली. ही परीक्षा होती असे सांगून खलिफांनी त्यांना सोडले आणि सन्मान केला.

पुढचा घाव मात्र घरातूनच बसला. त्यांची बढती न सोसलेल्या ख्रिस्ती वैद्यांनीच पवित्र चित्राच्या विटंबनेच्या प्रकरणात त्यांना अडकवले. पुन्हा कैद झाली, आणि जन्मभर देशोदेशी फिरून जमवलेली सारी पुस्तके गेली. काही काळाने सुटका झाली, पण ग्रंथसंग्रह हाती उरला नाही.

अली इब्न यह्या या मुसलमान स्नेह्याने गेलनच्या ग्रंथांची यादी मागितली, तेव्हा हुनैन यांच्याकडे त्यातले एकही पुस्तक नव्हते. तरीही इ.स. 856च्या सुमारास त्यांनी आठवणीतून 129 ग्रंथांची नोंद लिहून दिली. कोणता ग्रंथ कोणी, कोणासाठी, कोणत्या भाषेत आणला आणि कुठली प्रत सदोष होती, हे सारे त्यात आहे. आपल्या विशीतल्या कच्च्या कामाची कबुलीही त्यांनी तिथेच दिली आहे. ग्रीक विद्या अरबीत कशी आली, हे सांगणारा इतका नेमका दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडतो.

इ.स. 873 मध्ये हुनैन वारले. गेलनचा शरीरविच्छेदनावरचा मोठा ग्रंथ 15 भागांचा होता. त्याचे मूळ ग्रीक आज नवव्या भागाच्या पुढे मिळत नाही. उरलेले भाग जगात वाचले ते हुनैन यांच्या मंडळींनी केलेल्या अरबी अनुवादामुळे. मूळ ग्रंथ युरोपात हरवला आणि बगदादमध्ये जपला गेला. त्या हरवलेल्या भागांत गेलनने काय सांगितले होते, हे जाणून घ्यायला युरोपातल्या विद्वानांना हजार वर्षांनी अरबीकडेच यावे लागले.