श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड आणि शाळा सुटल्यानंतरचे शिक्षण

बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, एवढे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस पाठ असते. परंतु शेवटची घंटा वाजून मुले घरी गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न ज्या थोड्या राज्यकर्त्यांनी आपला मानला आणि त्यासाठी सरकारी तिजोरी उघडली, त्यांत महाराजांची गणना होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या लेखात तीच मुख्यत्वे सांगण्याचा आमचा मानस आहे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात १८६३ साली गोपाळराव या मुलाचा जन्म झाला. घराणे बडोदेकर गायकवाडांचे दूरचे भाऊबंद खरे, पण राजवैभवाचा वारा त्या घरास लागलेला नव्हता. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून त्यांनी गोपाळरावांस पसंत केले. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव महाराज झाला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरांशी त्याची ओळख जवळजवळ नव्हतीच. पुढे इलियट साहेबांनी त्यास शिकविले, दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची तत्त्वे समजावून दिली, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी या तरुणाने राज्याची सर्व सूत्रे हाती घेतली. बाराखडीपासून राज्यकारभारापर्यंतचा हा प्रवास अवघ्या साडेसहा वर्षांचा होता. आम्हांस वाटते, महाराजांच्या पुढील शिक्षणविषयक धोरणाचे मूळ येथेच शोधावे. ज्याच्या हाती पुस्तक उशिरा आले, त्यास पुस्तकावाचून गेलेल्या वर्षांची किंमत कळते.

१८९३ साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू झाला. ना. गोखले यांनी १९११ साली कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते बिल फेटाळले गेले, हे सर्वांस ठाऊक आहेच. बडोद्यातही ही वाट सोपी नव्हती. दहा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा एक कामकरी हात. तो शाळेत गेला तर गुरे कोणी राखावी, आणि धाकट्या भावंडास कोणी सांभाळावे? गैरहजेरीबद्दल पालकांस दंड होई, आणि गरिबाच्या घरी तो दंड बोचल्यावाचून कसा राहील? मध्यंतरी १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ येऊन गेला. अंत्यज मुलांसाठी सरकारने शाळा काढल्या, तर त्यांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमून त्या शाळा चालवाव्या लागल्या.

शाळा निघाल्या, पटावर नावे चढली. पण एक नवी अडचण दिसू लागली. चौथी इयत्ता उतरलेला मुलगा शेतावर जाई, घरात छापील कागदाचा तुकडाही नसे, आणि दोन-चार वर्षांत शिकलेले सारे विसरून जाई. सरकारचा पैसा आणि मुलाची वर्षे दोन्ही वाया जात. महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि या रोगाचे औषध त्यांस सापडले. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. आपल्या राजवाड्यातील सुमारे २० हजार ग्रंथ महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकले. त्या ग्रंथालयात स्त्रियांसाठी निराळी सोय होती. आणि मुलांसाठीही एक दालन होते, तेथे चित्रांची पुस्तके व खेळ ठेवलेले असत. शाळा सुटल्यावर मुलाने सरकारी इमारतीत जाऊन खेळावे व वाचावे, आणि त्याबद्दल त्याच्या बापाने काही देऊ नये, ही कल्पना त्या काळच्या हिंदुस्थानात अगदी नवी होती.

खेड्यांसाठी जी योजना निघाली ती आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. ग्रामस्थांनी वर्गणी करून काही रक्कम जमविली, की तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावयाची. म्हणजे गावाने एक रुपया जमविला तर ग्रंथालयास तीन रुपये मिळत. पुस्तके सरकारने नुसती फुकट धाडली असती, तर ती चावडीच्या कोनाड्यात धूळ खात पडली असती. स्वतःचा पैसा घातलेल्या गावकऱ्यास मात्र हिशेब विचारावासा वाटे. ज्या गावाजवळ वर्गणीपुरताही पैसा नसे ते मात्र या योजनेत मागे राहणार, हा तिचा दोष आम्ही झाकीत नाही. त्यावर काही अंशी उपाय म्हणून फिरती ग्रंथालये निघाली. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती गावोगाव रवाना होत, आणि नेण्या-आणण्याचा खर्चही सरकार सोशी. ज्यांस वाचताच येत नसे त्यांच्यासाठी जादूच्या दिव्याची चित्रे व पुढे चलच्चित्रे दाखविण्यात येत. महाराजांच्या हयातीतच राज्यातील ग्रंथालयांची संख्या हजारावर गेली. यात गुजरातेतील मोतीभाई अमीन यांच्यासारख्या निरलस कार्यकर्त्यांचा वाटा फार मोठा होता. केवळ हुकमाने हे झाले नसते.

हुकमाची मर्यादा दुसऱ्याही एका प्रसंगी उघड झाली. डॉ. आंबेडकर यांस १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. तेच डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्याच शहरात त्यांस राहावयास जागा मिळाली नाही. महाराजांचा बराच काळ परदेशी जात असे, याबद्दलही त्यांजवर टीका होई, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही.

आमचा परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून चाले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास शाळेत तर परकी भाषाच भेटे; शाळेबाहेर त्याच्या हाती त्याच्या भाषेतील पुस्तक कोण देणार? १९४८ साली ते राज्य संपले, १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो, आणि १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावच्या वाचनालयास आज सरकारी अनुदान मिळते ते त्या कायद्यान्वये. तरीही सायंकाळी ज्यांच्या पालकांस परवडते ती मुले खासगी शिकवणीस जातात, आणि ज्यांच्या पालकांस परवडत नाही ती कोठे जातात, हे पालकांनी आपल्या गल्लीत एकदा पाहावे.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे देहावसान झाले. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गादी गेली, प्रांत पंचायती गेल्या. बडोद्यात मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र अद्याप वाचकांसाठी उघडे असते.