होमी दाजी : रुळांपलीकडच्या गिरणगावाने आमदार केलेला, दिल्लीला धाडलेला माणूस

इंदूर स्टेशनवर उतरून शहराच्या बाजूला बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर सियागंज लागतं. हळद, मिरची, सुपारी, साखर, चहा, सुका मेवा. माळवा आणि निमाडच्या किराणा दुकानांचा माल इथून सुटतो. जळगाव-भुसावळकडच्या व्यापाऱ्यांनाही हा बाजार परका नाही. पाठीवर पोती घेतलेले हम्माल, हातगाड्या, ठेलेवाले आणि गादीवर बसलेले शेठ असं इथलं रोजचं चित्र.

रुळांच्या पलीकडे मात्र वेगळं इंदूर होतं. तिथे मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल, कल्याणमल मिल अशा कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्या आधाराने परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर या वस्त्या वाढल्या. भोंगा वाजला की रस्ते माणसांनी भरून जात. गिरणीत पगार झाला की पलीकडच्या किराणा दुकानातली उधारी फिटायची, आणि ती फिटली की दुकानदार सियागंजात नवा माल उचलायचा. गिरणी अडली की सगळी साखळीच अडायची.

या शहराने १९५७ मध्ये एका तरुण पारशी कम्युनिस्टाला आमदार केलं आणि पाच वर्षांनी त्यालाच लोकसभेत पाठवलं. त्यांचं नाव होमी दाजी. इंदुरातून लोकसभेत गेलेले ते एकमेव कम्युनिस्ट. त्यांच्याआधी कुणी गेलं नव्हतं, नंतरही कुणी गेलं नाही.

मुंबईत जन्म, इंदुरात घडण

दाजींचा जन्म ५ सप्टेंबर १९२६ चा, मुंबईतला. कुटुंब पुढे इंदूरला आलं आणि इंदूरचंच झालं. तेव्हाचं इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. राजवाड्याभोवती मराठी वाडे, दरबारात आणि शाळा-कॉलेजांत मराठी माणसं, बाजारात मारवाडी, गुजराती आणि बोहरा व्यापारी, गिरण्यांत उत्तरेतून, राजस्थानातून आणि खानदेशातून आलेले मजूर. अशा शहरात एका पारशी मुलाला वेगळं पडल्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं.

१९४२ च्या चळवळीच्या वेळी दाजी सोळा वर्षांचे होते. विद्यार्थी चळवळीतून ते डाव्या विचारांकडे गेले. एम.ए. केलं, कायद्याची पदवी घेतली. वकिली करून सुखाने जगता आलं असतं, पण त्यांनी गिरणी कामगारांची बाजू धरली. पत्नी पेरीन याही त्याच वाटेवर चालल्या आणि महिला फेडरेशनचं काम त्यांनी आयुष्यभर केलं.

मान्यता एकाची, माणसं दुसऱ्याची

दाजींच्या निवडणुका समजून घ्यायच्या तर गिरणी कामगारांचा कायदा आधी समजून घ्यावा लागतो. मुंबई इलाख्यात १९४६ साली औद्योगिक संबंध कायदा आला. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क तिलाच, असं त्याचं सूत्र. मध्य भारतातही हीच पद्धत आली आणि पुढे मध्य प्रदेशाने १९६० मध्ये त्याच धर्तीचा आपला कायदा केला. मुंबईत या कायद्याचा आधार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, तर इंदुरात काँग्रेसच्या इंटकप्रणीत संघटनेला.

इंदुरातली ही संघटना कमकुवत नव्हती आणि तिचे नेतेही उपरे नव्हते. व्यंकटेश विष्णू द्रविड हे मराठी गृहस्थ, गांधीवादी वळणाचे कामगार नेते. राज्याचं श्रमखातं त्यांनी सांभाळलं. रामसिंहभाई वर्मा हे दुसरं वजनदार नाव. तंटा वाढवायचा नाही, लवादाने मिटवायचा, कामगाराला घर आणि पतपेढी मिळवून द्यायची, ही त्यांची रीत. त्यातून काही ठोस कामंही उभी राहिली.

लाल बावट्याकडे मान्यता नव्हती, पण माणसं होती. त्यांची मोजदाद मात्र कुठे होणार? कामगाराने उघडपणे लाल बावट्याची पावती फाडली, तर खात्यातला मुकादम ते बघायचा. मतदानाच्या खोलीत बघणारं कुणी नव्हतं. म्हणूनच गिरणगावाला निवडणूक म्हणजे आपलं खरं मन सांगायची संधी वाटायची. आमदार होण्याआधी दाजी कामगारांचे वकील आणि वक्ते होते. गिरणगावाला ते ओळखीचे होते ते फाटकावरच्या सभांमुळे.

१९५७ : नव्या राज्याची पहिली निवडणूक

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रांताचे हिंदी जिल्हे मिळून नवा मध्य प्रदेश झाला. नागपूर-विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. इंदूरची मराठी माणसं हिंदी राज्यात राहिली आणि बेळगाव, कारवार, निपाणीची म्हैसूर राज्यात गेली. एका रेघेने किती घरांची राजधानी बदलते, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर काही महिन्यांतच १९५७ ची निवडणूक झाली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदार आडोशाला जायचा आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वाचता न येणाऱ्यालाही चिन्ह ओळखता आलं की काम झालं. त्यामुळे प्रचारात चिन्ह घरोघर पोचवणं हे मोठं काम असे. गाड्या आणि पैसा काँग्रेसकडे. दाजींसारख्या उमेदवाराकडे सभा, पायपीट आणि पाळी संपवून प्रचाराला निघणारे कामगार.

त्या वर्षी मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे लोकसभेवर गेले आणि केरळात नंबुद्रीपादांचं सरकार आलं. इंदुरात होमी दाजी आमदार झाले, वयाच्या तिसाव्या वर्षी. भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये तेव्हा विधानसभा भरायची. समोर कैलासनाथ काटजूंसारखे जुनेजाणते मुख्यमंत्री आणि काँग्रेसचं भरभक्कम बहुमत. अशा सभागृहात विरोधी आमदाराच्या हातात मतांचं बळ नसतं. प्रश्न विचारणं, आकडे मांडणं आणि बोलणं एवढंच उरतं. दाजींनी तेच केलं आणि उत्तम वक्ता म्हणून त्यांचं नाव झालं.

१९६२ : मुंबईत जे झालं नाही ते इंदुरात

१९६२ मध्ये दाजी लोकसभेला उभे राहिले. कागदावर अपक्ष, पण माणूस कुठल्या पक्षाचा हे सगळ्या शहराला माहीत होतं. समोर काँग्रेसने रामसिंहभाईंनाच उतरवलं. म्हणजे लढत मान्यताप्राप्त संघटनेचा नेता आणि मान्यता नसलेल्या बावट्याचा नेता यांच्यात सरळ होती. कामगारांचा खरा माणूस कोण, हा प्रश्न आता फाटकावर नाही तर मतपेटीत सुटणार होता.

पण लोकसभा नुसत्या गिरणगावावर जिंकता येत नाही. त्यासाठी शहराची मध्यमवर्गीय मतं लागतात, बाजाराची लागतात, आजूबाजूच्या खेड्यांचीही लागतात. अपक्ष उभं राहण्याचा फायदा इथे झाला. लाल बावट्याला बिचकणारा दुकानदार आणि कारकूनसुद्धा काँग्रेसवर चिडलेला असेल, तर दाजींना मत देऊ शकत होता. मतदानाची पद्धतही बदलली होती. वेगळ्या पेट्या गेल्या आणि बहुतेक ठिकाणी एकाच कागदावर सगळी नावं-चिन्हं व त्यावर शिक्का, ही पद्धत आली. गेल्या वेळी पेटी शोधायला शिकवलेल्या मतदाराला या वेळी शिक्का मारायला शिकवायचं होतं.

दाजी सुमारे सहा हजार मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबईच्या गिरणगावात खुद्द डांगे हरले होते. मुंबईला जे जमलं नाही ते इंदुराने केलं, याचं अप्रूप तेव्हा दोन्हीकडे होतं.

दिल्लीतली पाच वर्षं

दाजी लोकसभेत गेले तेव्हा पस्तिशीत होते. समोर पंतप्रधान नेहरू. त्याच ऑक्टोबरात चीनचं युद्ध झालं आणि देशभरातले कम्युनिस्ट संशयाच्या फेऱ्यात आले. १९६४ मध्ये पक्षच फुटला. दाजी डांग्यांच्या बाजूला, जुन्या पक्षातच राहिले. ज्या इंदूरने पक्ष न बघता मत दिलं, तिथे आता आधी पक्षाबद्दल विचारलं जाऊ लागलं.

१९६५ मध्ये याच लोकसभेने बोनस कायदा केला. बोनस म्हणजे मालकाची मेहरबानी की कामगाराचा हक्क, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता. कायद्याने किमान बोनस ठरवून दिला. दिवाळीत कामगाराच्या हातात येणारी ती रक्कम परदेशीपुऱ्यातून फिरत सियागंजापर्यंत पोचायचीच.

१९६७ मध्ये मात्र दाजी हरले. काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी जिंकले. गंमत म्हणजे त्याच वर्षी डांगे मुंबईतून पुन्हा लोकसभेवर गेले. दोन गिरणगावांची घड्याळं कधी जुळलीच नाहीत.

पुन्हा आमदार, आणि ओसरती लाट

१९७२ मध्ये दाजी गिरणगावाच्या इंदूर-२ मतदारसंघातून पुन्हा विधानसभेत गेले. मुख्यमंत्रिपदावर होते तेच प्रकाशचंद्र सेठी, ज्यांनी त्यांना पाच वर्षांपूर्वी हरवलं होतं. पण या वेळचं राजकारण अवघड होतं. त्यांचा पक्ष आता इंदिरा गांधींच्या जवळ गेला होता आणि १९७५ च्या आणीबाणीलाही त्याने पाठिंबा दिला. काँग्रेसविरोध हीच ज्याची ताकद, त्या नेत्याच्या हातून तीच निसटली. ही चूक पक्षाची होती, पण किंमत गिरणगावातल्या कार्यकर्त्यांनीही मोजली. १९७७ मध्ये इंदूरची लोकसभा जनता पक्षाच्या लाटेत गेली. त्यानंतर लाल बावट्याला इंदुरात पूर्वीचे दिवस दिसले नाहीत.

दाजी कामगार चळवळीत राहिले, आयटकचं काम करत राहिले. पण आता पायाखालची जमीनच सरकत होती. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, मालकांनी काढता घेतलेला हात. गिरण्या एकेक करून आजारी पडत गेल्या. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद झाली आणि साडेपाच हजारांहून जास्त कामगार रस्त्यावर आले. आता भांडण मान्यतेसाठी नव्हतं, थकलेल्या पैशांसाठी होतं. दोन्ही झेंड्यांचे कामगार एकाच रांगेत उभे राहिले.

शेवट आणि शिल्लक

दाजींची अखेरची वर्षं आजारपणात गेली. मुलगा आणि मुलगी दोघंही आई-वडिलांच्या आधी गेली. आमदारकी झाली, खासदारकी झाली, पण राहणी साधीच राहिली. १४ मे २००९ ला इंदुरात त्यांचं निधन झालं. पेरीनबाईंनी पुढे यादों की रोशनी में या हिंदी पुस्तकात दोघांच्या आयुष्याच्या आठवणी लिहून ठेवल्या.

हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मंजूर झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे गिरणी बंद पडल्यावर ३२ वर्षांनी. तोवर दोन हजारांवर कामगार मरून गेले होते. त्यांचे पैसे वारसांनी घेतले.

दाजींच्या खात्यात दोनदा आमदारकी आणि एकदा खासदारकी एवढाच हिशेब दिसतो. मंत्रिपद नाही, मोठी संस्था नाही. पण ज्या कामगाराला मालकासमोर बसायचा हक्क कायद्याने दिला नव्हता, त्याचा माणूस त्याने भोपाळला आणि दिल्लीला नेऊन बसवला होता. सियागंजात आजही पहाटेपासून पोती उतरतात, हातगाड्या हलतात. पलीकडचे भोंगे मात्र कधीचे थांबलेत, आणि इंदूर-२ मध्ये आता मतं मागायला येणाऱ्याला गिरणीबद्दल कुणी काही विचारत नाही.