पक्षी, विमाने आणि डॉ. सालिम अली

बेळगावहून पूर्वेकडे सुमारे दहा किलोमीटर गेले, की सांबरा गाव लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 साली, तेथे विमानतळ उभारण्यात आला. आज तेथे भारतीय वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि प्रवासी विमानांचीही ये-जा चालते. भोवती शेते आहेत, बांधांवर झाडे आहेत, पावसाळ्यात जागोजागी पाणी साठते. आणि जेथे शेत, पाणी व वस्ती आहे तेथे पक्षी असायचेच. एकाच आकाशात माणसाने घडविलेले विमान आणि सृष्टीने घडविलेला पक्षी यांची गाठ पडली, तर काय होते? आणि ती गाठ पडू नये म्हणून काय करावे? या प्रश्नाचा आपल्या देशात शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या डॉ. सालिम अली यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत 12 नोव्हेंबर 1896 रोजी झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. या पोरक्या मुलाचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. मामांना शिकारीची आवड होती. त्यांनी भाच्याला छर्‍याची बंदूक दिली आणि त्या काळच्या इतर मुलांप्रमाणे तोही चिमण्या टिपू लागला. एके दिवशी त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे त्या बालकाने ओळखले. दुसरे एखादे मूल ती फेकून देते. पण सालिमला ती कोणती, हे जाणून घेण्याचा ध्यास लागला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली आणि वाचावयास पुस्तके दिली. एका मृत चिमणीने एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली.

तथापि पुढची वाट सुकर नव्हती. डोकेदुखीच्या विकाराने शाळेत खंड पडे. 1913 साली ते मॅट्रिक झाले खरे. पण महाविद्यालयातील अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना ब्रह्मदेशातील तावॉय येथे घरच्या खाण व लाकडाच्या व्यवसायात जावे लागले. तेथे त्यांचे चित्त हिशेबाच्या वह्यांपेक्षा रानातील पाखरांतच अधिक रमले. मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षणाबरोबर प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. 1918 साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या छंदाला या सुशील स्त्रीने आपल्या संसारात सदैव मानाचे स्थान दिले.

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, तेव्हा विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. परंतु आपले ज्ञान अपुरे आहे ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान या थोर पंडिताच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. 1930 साली परत येतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! अशा वेळी सामान्य मनुष्य दैवाला दोष देत बसला असता. सालिम अली पत्नीसह कुलाबा जिल्ह्यातील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांच्या लोंबत्या घरट्यांची एक वसाहत होती. त्यांनी दिवसचे दिवस त्या पाखरांचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच राहते, आणि मग नर दुसऱ्या घरट्यास हात घालतो, ही त्या संसाराची रीत त्यांनी जगापुढे मांडली. बेकारीच्या दिवसांत केलेल्या त्या अभ्यासाने त्यांचे नाव विद्वानांत सर्वतोमुखी झाले.

यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर अशा एकामागून एक संस्थानांतील पक्ष्यांची त्यांनी पाहणी केली. तुटपुंजा पैसा, बैलगाडीचा प्रवास, तंबूतला मुक्काम आणि सोबतीला तेहमिना. 1939 साली तेहमिना यांचे अकाली निधन झाले. या आघातातून सावरून त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले, आणि सामान्य वाचकालाही अंगणातील पाखरू नावानिशी ओळखता येऊ लागले. पुढे डिलन रिप्ली या अमेरिकन मित्राच्या सहकार्याने त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ 1968 ते 1974 या काळात पूर्ण केला.

आता आम्ही मूळ विषयाकडे वळतो. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. हा रोग गोचिडीमुळे पसरतो, आणि स्थलांतर करणारे पक्षी अशा गोचिड्या उत्तरेकडून आणीत असावेत, असा संशय होता. त्याचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अलींनी पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याची मोठी मोहीम चालविली. हजारो पक्षी जाळ्यात धरून, कडे घालून सोडून देण्यात आले. त्यातून कोणता पक्षी कोठून, केव्हा आणि कोणत्या मार्गाने येतो, याची माहिती जमत गेली. हेच ज्ञान विमान चालविणाऱ्यालाही हवे असते. कारण पाखरांचे थवे केव्हा व कोठून जाणार, हे कळले तर सावध राहता येते.

पक्षी आणि विमान यांची टक्कर विमानाइतकीच जुनी आहे. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल यांच्या विमानाला 1905 सालीच मक्याच्या शेतावर एक पक्षी धडकला होता. 1960 साली अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळ साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांचा थवा विमानाच्या यंत्रांत शिरला, विमान समुद्रात कोसळले आणि 62 माणसे प्राणास मुकली. 2009 साली न्यू यॉर्कमध्ये रानहंसांमुळे दोन्ही यंत्रे बंद पडली. तेव्हा वैमानिकाने विमान हडसन नदीवर उतरविले आणि आतील सर्व 155 जण वाचले. एवढ्याशा पाखराने एवढे प्रचंड विमान कसे पडते, असे विद्यार्थी विचारतील. सायकलवरून वेगाने जाताना कपाळावर भुंगा आदळला, तर किती लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला याचे उत्तर निम्मे ठाऊक आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी 25 किलोमीटर धावणाऱ्या सायकलीच्या जागी ताशी 250 किलोमीटर वेगाचे विमान धरले, तर तोच आघात शंभरपट होतो. मग भुंग्याच्या जागी चार-पाच किलो वजनाचे गिधाड असेल तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करावी.

1980 नंतरच्या काळात आपल्या देशात लढाऊ आणि प्रवासी, दोन्ही प्रकारच्या विमानांना गिधाडे व घारी यांचा मोठा धोका जाणवू लागला. तेव्हा भारतीय विमानतळांवरील पक्ष्यांच्या उपद्रवाचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आला. सालिम अलींनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. तरीही गिधाडांचे अभ्यासक रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी हे काम अंगावर घेतले. ज्याने जन्मभर पाखरांवर प्रेम केले, त्याच्यापुढे आता पाखरांपासून माणसे वाचविण्याचा प्रश्न उभा होता. बंदुकीने पक्षी मारून टाकावेत, हा उपाय कोणालाही पटकन सुचेल. पण पक्षिशास्त्र वेगळा विचार शिकविते. पक्षी तेथे का येतो, हे आधी विचारावे. अन्न, पाणी, निवारा आणि घरट्याची जागा, यांपैकी एखादी गोष्ट त्याला तेथे ओढून आणते. ती तशीच ठेवून शंभर पक्षी मारले, तरी त्यांच्या जागी दुसरे शंभर येतात. फटाके व आवाज यांनाही पाखरे थोड्या दिवसांत सरावतात.

या दृष्टीने पाहू लागले, की प्रत्येक पक्ष्याचे कारण निराळे दिसते. उघड्यावर टाकलेली मेलेली जनावरे आणि कत्तलखान्याची घाण यांवर गिधाडे व घारी जमतात. उकिरड्यावर कावळे आणि घारी घिरट्या घालतात. धावपट्टीलगतच्या गवतात पावसानंतर किडे होतात, म्हणून गायबगळे उतरतात. उंच गवतात उंदीर माजले, की शिकारी पक्षी येतात; गवत फारच खुरटे ठेवले, तर उघड्या माळावर अंडी घालणारी टिटवी संसार थाटते. म्हणून गवत किती वाढू द्यावे, हे तेथील पक्षी पाहूनच ठरवावे लागते. पाणी साचू न देणे, इमारतींतील कबुतरांच्या जागा बंद करणे, कुत्री व कोल्हे आत येऊ नयेत म्हणून कुंपण धड ठेवणे, आणि भोवतालच्या गावांतील कचऱ्याची व मेलेल्या जनावरांची नीट विल्हेवाट लावणे, हेच खरे उपाय होत. देशाच्या विमान-नियमांतही विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व घाण टाकण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे विमानाची सुरक्षितता जशी वैमानिकाच्या हाती, तशीच गावातील झाडूवाल्याच्या, खाटकाच्या आणि गृहिणीच्याही हाती आहे.

डॉ. सालिम अलींना 1958 साली पद्मभूषण व 1976 साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. 1985 साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. गेटी पुरस्काराची पन्नास हजार डॉलरांची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कार्यासाठी आपल्या संस्थेलाच दिली. 1987 साली, वयाच्या 91व्या वर्षी, हा कर्मयोगी निवर्तला. आमच्या भागातून घाट उतरून गोव्यात गेले, की मांडवी नदीतील चोडण बेटावर त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य लागते.

त्यांच्या पश्चात एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे थवे वैमानिकांना भय वाटण्याइतके मोठे होते, ती गिधाडे पंधरा-वीस वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेला आणि ती मेली. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. गिधाडे गेली म्हणून धोका संपला काय? मुळीच नाही. घाण तशीच राहिली आणि तिच्यावर घारी, कावळे व भटकी कुत्री पोसली जाऊ लागली. उपद्रवाचे मूळ पाखरात नसून आपल्या उकिरड्यात आहे, हेच यावरून सिद्ध झाले.

विद्यार्थी मित्रांनो, बेळगाव काय, निपाणी काय, आपल्या गावाच्या वेशीवर कचऱ्याचा ढीग दिसला, की त्यावर कोणते पक्षी उतरतात, किती उतरतात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी उतरतात, हे एका वहीत टिपून ठेवावे. सालिम अलींच्या थोर कार्याचा आरंभ अशाच एका साध्या जिज्ञासेतून झाला होता. ती वही महिनाभर नेमाने लिहून ग्रामपंचायतीपुढे वा नगरपालिकेपुढे ठेवली, तर आकाशातील पाखरू आणि विमानातील प्रवासी या दोघांचेही रक्षण होईल, असा आमचा विश्वास आहे.